घंगाळावरचा कोंबडा

हसणार नाही असं कबूल करत असाल तर सांगतो. छे, कबूल करून वर हसणारच तुम्ही, माहीत आहे मला! चहाचा घोट तोंडात असेल तर आधी गिळून घ्या. एका कोंबड्याच्या नादी लागून मी स्वतःचा संसार बोलीला लावला, त्याची ही हकिगत. गुन्हेगार मीच, साक्षीदार मीच, आणि शिक्षा... ती शेवटी येईल.

तर मी चौतीस वर्षं कचेरीत घासून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालो. वेल्ह्यातले लोक मला अजून भाऊसाहेबच म्हणतात. जप्त केलेल्या मालाचे लिलाव पुकारायचं काम माझ्याकडे असायचं. वाळूचे ढीग, टेम्पो, वादळात पडलेली झाडं, काय वाट्टेल ते मी विकलंय. आधी सरकारी बोली सांगायची, म्हणजे ज्याच्याखाली बोलायचंच नाही असा आकडा, आणि मग एक वार, दोन वार, तीन वार! माझा आवाज बाजारपेठेच्या पार टोकापर्यंत जायचा, आणि रिटायर झाल्यावर हा आवाज घरातच राहायला लागला. आमच्या कुसुमला त्याचा फार त्रास व्हायचा. दोन वाट्या आमटी घेतली तरी मी म्हणायचो, "आमटी एक वार!"

मग गेल्या वर्षी पुण्याहून लेक आली आणि म्हणाली, "बाबा, आम्ही सोफा घेतला, ऑनलाईन लिलावात. निम्म्या किमतीत!" तिनं मोबाईलवर दाखवलं. फोटो, खाली सुरुवातीचा आकडा, लोक घरबसल्या बोली वाढवतायत, वेळ संपली की शेवटची बोली पक्की. मी तर उडालोच! अहो, हे तर मी चौतीस वर्षं करतोय. फरक एवढाच, की ह्यात घसा बसत नाही.

त्याच आठवड्यात मी ग्रुप काढला, 'वेल्हे ऑनलाईन लिलाव केंद्र'. कुसुम भाकरी थापत होती, तिला मी धंदा समजावून सांगितला.

"दुकान नको, भाडं नको, गडी नको. माल विकणाऱ्याचा, पैसे घेणाऱ्याचे. दर आपण ठरवायचा नाही, तो आपोआप चढतो. आपण मधे बसायचं आणि शेकडा पाच घ्यायचे!"

"दुकान न्हाई, माल न्हाई, गडी न्हाई. मग हाय काय तुमच्याकडं?"

"विश्वास!"

"कुणाचा?" असं विचारून तिनं भाकरी उलटली.

पहिला माल आला शेजारच्या मथुराबाईंचा. कोंबडा. पण कसला कोंबडा म्हणता! तांबडालाल, शेपटीला हिरवी झाक, छाती काढून असा चालायचा की वाटावं, कचेरीत नवा साहेब आलाय. मथुराबाईंना नातीसाठी सायकल घ्यायची होती. मी सरकारी बोली लावली चारशे रुपये आणि ग्रुपवर लिहिलं, संध्याकाळी सहापर्यंत बोली बोलावी.

दोन मिनिटांत गुरुजींची बोली आली, चारशे एक. गुरुजींनी अर्ध्या वेल्ह्याला पाढे शिकवलेत. मी खूश! म्हटलं, आता बघा कशी चढते. पाच मिनिटं गेली. अर्धा तास गेला. गुरुजींच्या बोलीखाली लोकांनी हात जोडले, फुलं टाकली, एकानं 'सुप्रभात' टाकलं, तेही दुपारी चारला. पण आकडा कुणी टाकेना.

मी जीपवाल्या बबनला फोन लावला. हा बबन वेल्हे-पुणे जीप चालवतो, कोंबडा पाहिल्यापासून त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं. "अरे, तू का बोलत नाहीस?"

"भाऊसाएब, गुरुजींच्या वर कसं बोलायचं? मला त्यांनी दुसरीत पास केलंय."

दुसऱ्याला लावला. तो म्हणाला, "मोट्या माणसाच्या बोलीवर बोली टाकायची म्हंजी त्यांचा आपमान केल्यावानी. लोक काय म्हंतील?"

घ्या! लिलावाचा अख्खा डोलारा चढाओढीवर उभा असतो, आणि आमच्याकडे चढाओढ करायची तर आधी वय विचारावं लागतं. कचेरीपुढच्या लिलावात परगावचे ठेकेदार यायचे म्हणून मला हे कधी कळलंच नव्हतं. सहा वाजले. कोंबडा चारशे एकला गुरुजींचा झाला. मथुराबाई डोक्याला हात लावून आमच्या ओट्यावर बसल्या.

"आवो, बाजारात आठशे देत हुते! मोबाईलनं पाडला की वो माजा कोंबडा!"

तेवढ्यात गुरुजी स्वतः चालत आले. "भाऊसाहेब, अभिनंदन! मी आपली नुसती सुरुवात करून दिली हो. मला कोंबडा काय करायचाय? मी माळकरी माणूस."

मी लिलाव तहकूब केला. पण हार मानतो होय? मी लेकीला फोन केला. तिनं सांगितलं, "बाबा, गावातल्या गावात लिलाव कशाला? ऑनलाईनचा फायदाच हा की लांबचं गिऱ्हाईक येतं. मी पुण्यातल्या लोकांना ग्रुपमध्ये घेते. तुम्ही फक्त फोटो झकास काढा."

आता इथून पुढं नीट ऐका, कारण माझी अक्कल इथेच चरायला गेली.

कुसुम तेव्हा घरात नव्हती. किकवीला तिच्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती, त्यासाठी ती आठ दिवस आधी गेली होती, रविवारी परत येणार होती. मी कोंबडा आमच्या परसात आणला. खाली उभा केला तर गवतात पाय दिसेनात. पाटावर उभा केला तर उडी मारून खाली. कशावर उभा करावा? मोरीशेजारी कुसुमचं घंगाळ होतं.

हे घंगाळ म्हणजे कोण, ते आधी सांगतो. पितळी, दोन माणसांनी उचलायचं, दोन्ही कड्यांना हत्तीची तोंडं. कुसुमच्या आईनं लग्नात दिलेलं. दर शनिवारी चिंच लावून त्याला अंघोळ घातली जाते. आमच्या लेकीची पहिली अंघोळ त्यात झाली. सख्ख्या बहिणीनं एकदा लग्नासाठी मागितलं होतं, तर कुसुम म्हणाली, "माझा नवरा न्ये पायजेल तर, घंगाळ न्हाई द्यायची." बहिणीनं काहीच नेलं नाही, हा भाग वेगळा.

ते घंगाळ मी पालथं घातलं, वर मूठभर तांदूळ टाकले, आणि कोंबडा चढला. मावळतीचं ऊन, झगझगीत पितळ आणि वर मान ताठ केलेला तो गडी! फोटो असा आला की मीच माझी पाठ थोपटली. खाली मी आपल्या पद्धतीनं जाहीरनामा लिहिला: 'छायाचित्रात दिसणारा माल, त्याखालील व त्यालगतच्या साहित्यासह, जसा आहे जेथे आहे तत्त्वावर.' आता कोंबड्याला हे कशाला, असं तुम्ही विचाराल. सवय हो! एकदा जप्तीच्या टेम्पोखाली बांधलेलं जादा चाक कुणाचं यावरून दोन वर्षं कागद फिरले होते. तेव्हापासून मी प्रत्येक लिलावात हे वाक्य घालतोच. शेवटी ठसक्यात लिहिलं, 'झालेली बोली अंतिम राहील. मागे फिरणाऱ्यास ग्रुपमधून काढण्यात येईल.'

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सुरू केलं. सव्वानऊला बोली आली, बाराशे!

मी डोळे चोळले. मथुराबाईंना हाक मारली. तोवर अठराशे. मग पंचवीसशे! रेवती नावाच्या कुणी मॅडम होत्या, त्या सोडायलाच तयार नव्हत्या. त्यांचा मेसेज आला, 'काका, किती जुना आहे नग?'

मी खरं ते लिहिलं, 'दीड वर्षाचा.'

त्यावर पाच जणांनी हसणारी तोंडं टाकली. एकानं लिहिलं, 'काका भारी विनोदी आहेत!' मला कळेना यात विनोद कुठाय. पण गिऱ्हाईक हसतंय ना, हसू दे म्हटलं.

चार हजार. पाच हजार. मथुराबाईंनी भिंतीला पाठ टेकली.

"भाऊसाएब, पुन्यात कोंबड्या मेल्या का काय समद्या?"

"मावशी, गावरान आहे! शहरात गावरान म्हटलं की लोक वेडे होतात. हा शुद्ध दराचा शोध आहे. खरं मोल काय ते इथंच कळतं!" अहो, मी असं बोलत होतो जसं काही हे सगळं मीच शोधून काढलंय. ओट्यावर दहा-बारा माणसं जमली होती आणि मी त्यांना ऑनलाईन लिलावाचं महत्त्व समजावत होतो. गुरुजींनी तर वहीत लिहून घेतलं.

सात हजार दोनशेवर बोली थांबली. एक वार, दोन वार, तीन वार! सवयीनं मी ओरडलोच. रेवती मॅडमनी तिथल्या तिथे पैसे पाठवले, मी माझे शेकडा पाच, म्हणजे तीनशे साठ रुपये ठेवून बाकीचे मथुराबाईंना दिले. त्या त्याच दुपारच्या एसटीनं भोरला गेल्या आणि सायकल घेऊन आल्या. तीनशे साठ रुपये! माझी धंद्यातली पहिली कमाई. मी पावशेर पेढे आणले आणि एकट्यानं खाल्ले. इतका आनंद मला बढतीच्या वेळीही झाला नव्हता.

गुरुवारी रेवती मॅडम मोटारीतून आल्या. लांब झुमके, मोठा चष्मा, बोलायला फार गोड. मथुराबाईंनी कोंबड्याचे पाय बांधून, त्याला कुंकू लावून तयार ठेवलं होतं. अख्खी आळी निरोपाला.

"कुठंय काका?"

मी कोंबडा पुढे केला. मॅडम दोन पावलं मागे सरल्या.

"अय्या, नको! मी शाकाहारी आहे. घंगाळ कुठंय?"

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, ती माझ्या पायाखालून पार किकवीपर्यंत गेली.

"घ... घंगाळ?"

"हो ना! हत्तीच्या कड्यांचं. मी रिसॉर्टवाल्यांना जुन्या वस्तू पुरवते. आणि काका, तुमची ती जिवंत कोंबडा उभा करायची आयडिया! काय फोटो आलाय! आमचा फोटोग्राफर असल्या आयडियाचे वेगळे पैसे घेतो."

"मॅडम, लिलाव कोंबड्याचा होता."

"सात हजारांचा कोंबडा?" त्या हसायला लागल्या. मग आळीकडे बघितलं, कोंबड्याकडे बघितलं, आणि हसायच्या थांबल्या. "काका, खरंच?"

"खरंच. घंगाळ माझं नाही, मंडळींचं आहे."

"बरं, मग कोंबडा तरी तुमचाच ना?"

"नाही. तो मथुराबाईंचा."

"म्हणजे लिलावात तुमचं स्वतःचं काहीच नव्हतं?"

"तोच तर धंदा आहे!" मी म्हणालो. आणि त्या क्षणी मला कुसुमचा 'मग हाय काय तुमच्याकडं' हा सवाल पहिल्यांदा नीट समजला.

मॅडमनी शांतपणे मोबाईल काढला आणि माझाच जाहीरनामा वाचून दाखवला. 'त्याखालील व त्यालगतच्या साहित्यासह.' त्याखालील! कोंबड्याखालील! वर 'झालेली बोली अंतिम राहील.' मी पैसे परत देतो म्हणालो, माझ्या पदरचे देतो म्हणालो. तशा त्या भल्या होत्या, पण त्यांनी आदल्या दिवशीच ते घंगाळ स्वतःच्या पेजवर लिलावाला टाकलं होतं आणि तिथं बोल्या सुरूही झाल्या होत्या.

"मी आता शब्द कसा मोडू, काका? तुम्हीच सांगा."

मी काय सांगणार? आळी बघत होती. गुरुजी बघत होते. चौतीस वर्षं ज्यानं रडणाऱ्या माणसांना सांगितलं की बोली झाली म्हणजे झाली, तो आता मागे फिरणार? फिरलो असतो तर माझ्याच नियमानं मलाच ग्रुपमधून काढावं लागलं असतं! मी आणि बबननं घंगाळ उचलून मोटारीत ठेवलं. मोटार गेली. मथुराबाई म्हणाल्या, "म्हंजी कोंबडा बी माजा, आन् सायकल बी माजी? लई झ्याक हाय की वो ह्यो मोबाईल! उद्या शेळी लावू का?"

मोरीशेजारी जिथं घंगाळ असायचं तिथं फरशीवर गोल पांढरा डाग राहिला होता. तो डाग बघून मला खरंच रडू आलं. गंमत नाही करत. पस्तीस वर्षांत मी त्या बाईला एक दागिना धड केला नाही, आणि तिच्या आईची एकच वस्तू होती ती मी कोंबड्याखाली घालून विकली. आज गुरुवार. रविवारी कुसुम येणार. मी ठरवलं, रविवारच्या आत घंगाळ त्या डागावर आणायचं. काही झालं तरी आणायचं!

मार्ग एकच. मॅडमच्या पेजवर जाऊन बोली लावायची. पण मॅडमसमोर मी केवढ्या ताठ्यात सगळं सोडून दिलं होतं, आता तोंड कसं दाखवू? म्हणून मी बबनचं नाव, बबनचा नंबर टाकून नोंदणी केली. तिथं कुणाचं नाव दिसत नाही, नुसता नंबर. मी झालो बोलीदार नऊ.

पाहिलं तर बोली आधीच अकरा हजारांवर. लिलाव शनिवारी संध्याकाळी सहाला बंद होणार होता. मी अकरा हजार पाचशे टाकले. शुक्रवार रात्र शांत गेली. शनिवारी सकाळी बघतो तर बोलीदार चौदा यानं बारा केले होते. मी साडेबारा. त्यानं तेरा. मी साडेतेरा. त्यानं चौदा! मेल्याला दुसरं काही कामधंदाच नव्हता!

आणि आमच्याकडचं नेटवर्क तर तुम्हाला माहीतच आहे. घरात बसलं तर मोबाईलवर एक दांडी. गच्चीवर दोन. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढून तोरण्याकडे तोंड केलं की तीन. साडेपाचला मी टाकीवर चढलो. खाली बबन, गुरुजी आणि काखेत कोंबडा घेतलेल्या मथुराबाई.

पावणेसहाला मनात पाल चुकचुकली, की कुसुम आजच निघाली तर? फोन लावला. तिनं उचलला आणि एका दमात म्हणाली, "अवो, आत्ता बोलू नगा, लई घाईत हाय मी, मागनं करते!" आणि ठेवला. मला हायसं वाटलं. वास्तुशांतीनंतरची आवराआवर असणार.

"भाऊसाएब, किती झालं?" खालून बबन.

"साडेसतरा! चौदा नंबर ऐकत नाही रे!"

"तुमी वाढवा! त्यो काय गुरुजी हाय का?"

गुरुजींनी बबनकडे पाहिलं.

सहा वाजायला एक मिनिट असताना मी अठरा टाकले. संपलं म्हणून हात वर केले, तर त्या पेजचा नियम असा, की शेवटच्या मिनिटात बोली आली तर वेळ दोन मिनिटं पुढं जाते. चौदानं साडेअठरा टाकले. पुन्हा दोन मिनिटं. मी एकोणीस. तो साडेएकोणीस. कचेरीत मी माणसांचे डोळे बघायचो. कोण थांबणार, कोण खिसा चाचपतोय, सगळं दिसायचं. इथं डोळेच नाहीत! समोर नुसता नंबर, आणि त्या नंबराला लाज नाही, भीती नाही, बायको नाही. आणि खरं सांगू? मलाही त्यातलं काही उरलं नव्हतं. घंगाळ गेलं खड्ड्यात, मला तो चौदा हरवायचा होता! पुण्यातला कुणी गर्भश्रीमंत, गुबगुबीत, सोफ्यावर पडून बोटानं मला नाचवतोय, असं चित्रच डोळ्यांपुढं आलं. मी टाकीवरून त्याला अशा शिव्या दिल्या की मथुराबाईंनी पदर कानावर घेतला.

मी वीस. चौदानं साडेवीस टाकले. सहा वाजून आठ मिनिटं झाली होती. माझ्या कवळीसाठी बँकेत एकवीस हजार होते, त्यापुढं एक दमडी नव्हती. डोळे मिटले आणि एकवीस टाकले.

एक मिनिट. दीड मिनिट. चौदा गप्प!

'अभिनंदन, बोलीदार नऊ.'

मी टाकीवर नाचलो हो! वयाच्या साठीत, बनियनवर, तोरण्याच्या साक्षीनं! खाली बबन नाचला, मथुराबाईंच्या हातून कोंबडा सुटला, गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. सात हजारांना गेलेली आपलीच वस्तू एकवीस हजारांना परत घेऊन इतका आनंद झालेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. दात गेले तर जाऊ देत, संसार वाचला!

रविवारी पहाटे बबन जीप घेऊन गेला, मॅडमना म्हणाला, आमच्या एका गिऱ्हाइकाचं आहे. साडेनऊला घंगाळ डागावर बसलं, बरोब्बर. साडेदहाच्या एसटीनं कुसुम आली. मी हसून सामोरा गेलो, पिशवी घेतली, स्वतः चहा टाकला. आणि ती चहाला हात न लावता भिंतीकडे बघत बसली.

"काय गं, बरं नाही का?"

"काय सांगू तुमाला, माज्या हातातनं लई मोटी चीज गेली." तिच्या डोळ्यांत पाणी. "भाच्याच्या बायकूनं मोबाईलवर दावलं. आपल्या घंगाळावानी घंगाळ लिलावाला आलं हुतं. हुबेहूब वो! हत्तीच्या कड्या, डाव्या कडीपाशी पोचा, त्यो बी तसाच. म्या म्हनलं, आईच्या घंगाळाची जुळी बहीणच असनार. लेकीचं लई दिवसाचं मन हाय आपल्या घंगाळावर, पर मला जीव हुईना द्यायला. ही जोडी मिळाली तर एक तिला, एक मला. बचत गटातलं समदं पैसं लावलं. साडेवीस हजार! तरी त्या नऊ नंबरच्या मेल्यानं..."

मी कपबशी खाली ठेवली.

"तू... तू चौदा नंबर?"

"तुमाला कसं ठावं?"

"नाही, म्हणजे... अंदाज."

"कसला निर्दयी मानूस असंल वो! एका बाईला जरा तरी जितू द्यावं का न्हाई?"

"लई नालायक!" मी म्हणालो. काय करू? खरंच तर होतं.

तेवढ्यात तिच्या मोबाईलवर भाच्याच्या बायकोचा फोन आला. तिनं त्या मॅडमना विचारून घेतलं होतं. मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. "आत्या, घंगाळ तुमच्या वेल्ह्यातच गेलंय! बबन म्हणून जीपवाला घेऊन गेला!"

कुसुमनं फोन ठेवला तो बबनला लावायलाच. "बबन, ते घंगाळ कुनाच्या घरी टाकलंस रं?"

बबन बराच वेळ खाकरला आणि म्हणाला, "वयनी, त्ये... भाऊसाएबांनाच इचारा की."

कुसुमनं माझ्याकडे बघितलं. पदर खोचला, बचत गटाची पिशवी काखेत मारली. "तुमाला ठावं हाय? मग उटा. दावा त्या मानसाचं घर. पाया पडीन त्याच्या, पर घंगाळ आनीन."

मी चपला घातल्या. दुसरं काय करणार?

निघालो. बाजारपेठेत आलो. "ह्ये का?" "पुढं." कचेरीवरून गेलो. "ह्ये?" "अजून जरा पुढं." एसटी स्टँडला वळसा घातला. ऊन रणरणत होतं. माझ्या डोक्यात एकच विचार, गाव अजून थोडं मोठं असायला हवं होतं. पण वेल्हं ते केवढं! अर्ध्या तासात सगळे रस्ते संपले आणि आम्ही आमच्याच दारापुढे येऊन उभे राहिलो. ओट्यावर मथुराबाई आणि गुरुजी श्वास रोखून बसलेले.

"अवो, घरी कशापायी आनलं परत? तहान लागली का?" कुसुम म्हणाली.

"नाही," मी म्हणालो. "हेच ते घर."

तिनं दाराकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग तडक परसात गेली, मी मागोमाग. घंगाळाच्या डाव्या कडीजवळच्या पोच्यावर तिनं बोट फिरवलं. मी एका श्वासात सगळं सांगून टाकलं: कोंबडा, तांदूळ, जाहीरनामा, मॅडम, टाकी. आणि वाट बघत उभा राहिलो.

आधी तिचे खांदे हलले. मला वाटलं, रडतेय. पण ती हसत होती! घंगाळाच्या काठाला धरून खाली बसली, डोळ्यांतून पाणी, तरी हसतेय. ओट्यावरून मथुराबाईही हसायला लागल्या, त्यांना तर कारणही माहीत नव्हतं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी पण हसलो.

पुरतं हसून झाल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पस्तीस वरसांत पैल्यांदा ह्यांचा शब्द माज्या शब्दाच्या वर ऱ्हायला बगा. आन् त्याला बी एकवीस हजार मोजावं लागलं!"